सहा पायांची साक्ष

मृग लागायच्या आठवडाभर आधी आमच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या. कौलं चाळायला येणारा माणूस 'उद्या येतो' म्हणून जातो तो आषाढातच उगवतो, छत्रीची काडी मोडलेली सापडते, आणि स्वयंपाकघरात मुंग्या निघतात. पहिल्या दोन गोष्टींचं खापर आमची ही नशिबावर फोडते. तिसरीचं माझ्यावर.

"चौतीस वर्षं पोरांना शास्त्र शिकवलंत न्हवं? मग घालवा की मुंग्या."

शास्त्राच्या मास्तराचं गावात असंच होतं. मिक्सर बंद पडला, दही लागलं नाही, म्हैस पान्हा चोरायला लागली, की 'सरांना विचारा'. आणि गाव कुठलं, तर हातकणंगले. हे नाव तुम्ही म. द. हातकणंगलेकरांमुळं ऐकलं असेल, नाहीतर मिरजेहून कोल्हापूरला जाताना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर वाचलं असेल. तालुक्याचं ठिकाण खरं, पण चारी बाजूंनी ऊस. हुपरीला चांदी आहे, इचलकरंजीला माग आहेत, बाकी सगळी गोडीच गोडी. नरंद्याला साखर कारखाना, हुपरीला साखर कारखाना, हंगामात रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या. मुंगीनं जन्म घ्यायला याहून बरा तालुका शोधून सापडायचा नाही.

त्यात माझ्या मेव्हण्याचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ. हंगामात तो दरवर्षी पाच किलोचा एक रवा बहिणीच्या घरात आणून टाकतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा गडी महिनाभर कॉलर ताठ करून हिंडत होता. मुंग्यांनी ते मानांकन कितीतरी आधी देऊन टाकलेलं होतं, पण त्यांना कोण विचारतो! उन्हाळाभर रवा दगडासारखा असतो, फोडायला बत्ता लागतो. आभाळ भरून आलं, हवेत ओल आली, की त्याच दगडाला पाझर फुटतो. कागद ओला होतो, डब्याच्या कडेनं तपकिरी ओघळ उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली मुंगी चौकशीला येते.

आमच्या घरच्या हिशेबानं मुंग्यांच्या जाती तीन. बारीक काळ्या, त्या चावत नाहीत, नुसत्या धावतात, बस चुकल्यासारख्या. बारीक लाल, त्या चावतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खाज ठेवून जातात. तिसरे मुंगळे. गुळाला डसलेला मुंगळा ओढला तर धड हातात येतं आणि मुंडकं गुळातच राहतं. आमच्या लहानपणी चिवट माणसाला यापलीकडं उपमा नव्हती. शास्त्राच्या पुस्तकात मात्र जाती चौदा हजारांच्या वर आहेत. 2022 साली काही संशोधकांनी जगातल्या मुंग्यांचा अंदाज मांडला. वीस हजार लाख कोटी, म्हणजे माणशी साधारण पंचवीस लाख. मी, ही आणि सुट्टीला आलेली नात धरून घरात तिघं, तेव्हा आमच्या वाट्याला पाऊण कोटी. हे मी हिला सांगितलं.

"मोजत बसू नका," ही म्हणाली. "घालवा."

यंदा निघाल्या त्या काळ्या. खिडकीच्या चौकटीतून आत, तिथून गॅसच्या नळीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली, आणि शहाबादी फरशीच्या सांध्यातून थेट उंबऱ्याकडं. मी खाली बसून, चष्मा कपाळावर चढवून, नाक फरशीला लावून बघितलं. येणारी आणि जाणारी समोरासमोर आल्या की क्षणभर थांबतात, एकमेकींच्या मिशा चाचपतात, आणि सुटतात. आमचा कोल्हापूर–मिरज रेल्वेमार्ग 1891 सालचा, अजून एकेरी आहे. समोरून गाडी येणार असली की एकीला स्टेशनात ताटकळत उभं राहावं लागतं. इथं केसाएवढ्या रुळावर दोन्हीकडची शेकड्यांची वाहतूक चाललेली, आणि क्रॉसिंगला अर्धा सेकंद. एक मुंगी तर पोह्याचा कण उलटा धरून मागं मागं ओढत नेत होती, आणि दुसरी त्याच कणाला विरुद्ध बाजूनं ओढत होती. तरी कण पुढं सरकत होता. एवढं बघून मला आमच्या जुन्या ग्रामपंचायतीची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

मुंग्या घालवण्याचा पहिला उपाय आमच्या पिढीला आईकडून मिळालेला. गॅमेक्सीन. पांढरी पावडर, कुबट मातकट वास. आई ती देवघरात, पिठाच्या डब्याभोवती, आणि हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो, आमच्या अंथरुणाखाली शिंपडायची. आम्ही भावंडं त्याच्यावर गाढ झोपायचो. गॅमेक्सीनमधल्या त्या बीएचसीवर देशात 1997 साली बंदी आली, त्यातलंच मुख्य विष असलेलं लिंडेन वापरायला 2013 पासून मनाई झाली. आता खडू मिळतो. दिसायला फळ्यावरच्या खडूसारखाच, पण त्यात डेल्टामेथ्रिन. रेघ ओढायची, मुंगी तिच्यावरून चालली की विष पायाला लागतं. ही रेघ ओट्यावर आणि पोळपाटाजवळ ओढायची नसते, हात साबणानं धुवायचा असतो, आणि लहान मूल असलेल्या घरात खडू कुलपात ठेवायचा असतो. मास्तराच्या घरात तर तो आणूच नये. एकदा आणला, तर फुटलेल्या कपात, जिथं माझे साधे खडू असतात, तिथंच जाऊन बसला. नशीब, हिच्या लक्षात आलं.

फवारा मारायचा, तर डोळ्यांसमोरच्या मुंग्या पटापट मरतात आणि माणसाला पराक्रम केल्यासारखं वाटतं. पण रांगेत दिसतात त्या घरकामाला बाहेर पडलेल्या. घर मागं सुरक्षित. त्यातून फेरो नावाच्या बारीक पिवळ्या मुंग्या असतील तर फवारा उलटा बसतो. त्यांच्या एका घरात राण्या अनेक. धोका जाणवला की थोरलीची पोरं इकडं, धाकटीची तिकडं, अशा वाटण्या होतात आणि एका चुलीच्या चार चुली होतात. आपण मारायला गेलो आणि भाऊबंदकी लावून आलो.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. घरात सांगितलेली नव्हती, तेव्हा वाचून झाल्यावर तुम्हीही कुठं बोलू नका.

मला साखर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केल्याला सहा वर्षं झाली. चहा बिनसाखरेचा, शिरा दुसऱ्याच्या ताटातला बघायचा, आणि मेव्हण्याच्या गुळाचा फक्त वास घ्यायचा. सहा वर्षं मी हे पाळलं, असं घरात सगळ्यांचं मत होतं. प्रत्यक्षात बाहेरच्या खोलीत माझं पुस्तकांचं कपाट आहे, त्यात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, आणि 'म' अक्षराच्या खंडांमागं एक चपटा स्टीलचा डबा होता. त्यात सुपारीएवढे गुळाचे खडे. दुपारी चार वाजता, ही शेजारी गेली की, एक. सणाला दोन. जागा निवडण्यामागं तर्क होता. आमच्या घरात विश्वकोशाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. मधुमेहाची नोंद 'म'मध्ये, मुंगीचीही 'म'मध्येच, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे रांग उंबरा ओलांडून कुठं जाते, हे फरशीला नाक लावायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. त्या सकाळी मी चार वेळा बाहेर जाऊन आलो. डबा तिथून काढायचा तर दिवाणखान्यात नात गृहपाठ करत बसलेली. तेव्हा मी जे कुणीही मुरलेला आरोपी करतो ते केलं. तपासाची सूत्रं स्वतःकडं घेतली आणि सगळा तपास स्वयंपाकघरात डांबून ठेवला. "मूळ इथंच आहे," मी म्हणालो, आणि साखरेचा डबा उघडायला लावला. साखरेत हिनं चार लवंगा टाकलेल्या असतात. लवंगांच्या वासानं मुंग्या येत नाहीत म्हणे. दोन मुंग्या लवंगेवर बसून होत्या. डब्याभोवती मी हळदीची रेघ ओढली. हळद, पीठ, टाल्कम पावडर, कुठलीही बारीक भुकटी घ्या, मुंगीला त्यावरून चालायला नको वाटतं. पण ती वळसा घालून जाते. अर्ध्या तासात माझ्या पिवळ्या रेघेला समांतर अशी काळी रेघ तयार झाली. दुरून बघितलं तर छान रांगोळी दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या आक्का आल्या. आक्का जैन. आमच्या तालुक्यात जैन घरं पुष्कळ, आणि आमची भिंतीला भिंत. माझ्या हातात हळद बघून त्या दारातच थांबल्या.

"सर, काय मांडलंय हे?"

"मुंग्या, आक्का."

"मारू नका हो. दोन दिवसांची पाहुणी ती. पीठ टाका थोडं तुळशीपाशी, जातील तिकडं." मग हिच्याकडं वळून, "वैनी, रात्रीची भांडी सकाळी घासतीस न्हवं तू?"

ही गप्प. मी इतक्या वर्षांत जे बोलायचं धाडस केलं नाही ते आक्का एका वाक्यात बोलून गेल्या. त्या गेल्यावर मी हळूच माझ्या मनाशी ताळा लावून बघितला. आक्कांच्या घरी जेवणं सूर्य मावळायच्या आत. जीवजंतू पोटात जाऊ नयेत म्हणून रात्री खायचं नाही, हा त्यांचा नेम. मग दिवेलागणीला चूल आवरलेली, ओटा पुसलेला, खरकटं बाहेर गेलेलं, पाण्याचं भांडं झाकलेलं. रात्रभर त्या स्वयंपाकघरात कणभर अन्न उघडं नाही. मुंगी मरू नये म्हणून पाळलेला नेम, आणि त्यामुळंच मुंगी त्या घरात येत नाही. आमच्याकडं नऊला जेवण, दहाला बातम्या, आणि आमटीचं पातेलं बेसिनमध्ये भिजत. खडूवर गेलेले माझे पैसे आक्कांनी कधीच खर्च केलेले नाहीत.

कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरावर भगवान बाहुबलींची 28 फुटी मूर्ती आहे. 1963 साली बसवलेली. शाळेच्या सहली न्यायचो तेव्हा पोरं पहिला प्रश्न हाच विचारायची, सर, अंगावर वेली कशा? मग मी सांगायचो, की वर्षभर एका जागी न हलता उभं राहिल्यावर वेली चढल्या, पायाशी वारुळं उठली. श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या पायाशी तर वारुळं दगडात कोरलेलीच आहेत. त्यावर एका पोरानं विचारलं होतं, मुंग्या चावल्या नसतील? मी शास्त्राचा मास्तर म्हणून सांगितलं, वारूळ मुंग्या बांधत नाहीत, वाळवी बांधते. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न तो नव्हता. त्या दिवशी ओट्याशी उभा असताना पायावर दोनच मुंग्या चढल्या आणि मी जो थयथयाट केला, तो बघून नातीनं टाळ्या वाजवल्या.

दिगंबर मुनींकडं मोरपिसांची पिंछी असते, बसायच्या आधी जागा अलगद झाडायला. आक्कांनी त्यातलाच संसारी प्रकार मला शिकवला. लव्हाळ्याचा जुना मऊ कुंचा घ्यायचा, रांगेच्या पुढं वर्तमानपत्राचा कागद धरायचा, हळू लोटायचं, अंगणात झटकायचं. मी तास दीड तास केलं. कागदावरून मुंग्या कोपरापर्यंत आल्या. अंगणात सोडलेल्यांतल्या निम्म्या माझ्या आधी स्वयंपाकघरात पोचल्या असाव्यात.

मग शेवटचा उपाय म्हणून बोरिक पावडर. कॅरमवर भुरभुरवतात ती पुष्कळदा हीच असते. शंभर मिलीलिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम बोरिक. जास्त घालायचं नाही. इथंच लोक चुकतात. हात सैल सोडला तर मुंगी वाटेतच मरते आणि घरी काही पोचत नाही. कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवायचा, औषधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवायचा, आणि मुलांचा, मांजराचा हात पोचणार नाही अशा सांदीत सरकवायचा. पोटात गेलं तर हे माणसालाही चांगलं नाही. पुढचं काम मुंगीच करते. मोठ्या मुंगीला घट्ट अन्न गिळताच येत नाही. ती पातळ पिते, आणि तिच्या पोटाआधी आणखी एक पोट असतं, घरच्यांसाठी. वाटेत भेटेल तिला, घरी बसलेलीला, राणीला, पिल्लांना, तोंडाला तोंड लावून ती त्यातला घोट देत जाते. आठवड्याभरात घर बसतं.

हा उपाय सगळ्यात खात्रीचा. मी मिश्रण तयार केलं, बोळा भिजवला, झाकण हातात घेऊन खाली वाकलो, आणि तसाच राहिलो. गोड आहे, कळत नाही, लगेच मारत नाही, हळूहळू आतून पोखरतं. ही सगळी वाक्यं मी कुठं ऐकली होती? डॉक्टरांच्या खोलीत, तक्त्याखाली बसून, सहा वर्षांपूर्वी. मुंगीला निदान कुणी सांगितलेलं तरी नव्हतं. मी झाकण उचलून खिडकीबाहेर ओतलं. हिला सांगितलं, कॅरम पावडर संपलीय.

घात झाला तो माझ्याच तोंडानं. दुपारी नात कंटाळली होती, म्हणून तिला रिचर्ड फाइनमन यांची गोष्ट सांगितली. पुढं 1965 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस, विद्यार्थी असताना प्रिन्स्टनच्या खोलीत मुंग्यांचा अभ्यास करत बसायचा. कपाटातल्या खाऊला मुंग्या लागल्या तर त्यानं एकही मारली नाही. त्यांच्या बिळाजवळ वेगळी साखर ठेवली, आणि कपाटाकडं येणारी-जाणारी जी मुंगी कागदाच्या कपट्यावर चढेल तिला उचलून साखरेवर नेऊन सोडलं. नावाडीच झाला म्हणा. मुंगी चालते ती पोटाच्या टोकानं वासाची रेघ ओढत. मागची त्या वासावर चालते आणि तीच रेघ गडद करते. रहदारी थांबली की वास उडून जातो. नव्या साखरेकडची रेघ पक्की झाली, कपाटाकडची पुसट होऊन विरली, आणि तासाभरात कपाट मोकळं.

इथवर ठीक होतं. पण मास्तराला गोष्ट अर्धी सोडता येत नाही. पुढं पॅसाडिनाच्या घरात फाइनमननं काय केलं, तेही मी सांगितलं. न्हाणीच्या टबाशी मुंगी साखर घेऊन परत निघाली, तर हा तिच्या मागं मागं रंगीत पेन्सिलीनं रेघ ओढत गेला. पहिलीची रेघ वेडीवाकडी, दुसरीची जरा सरळ, आणि पुढं पुढं बाण सोडल्यासारखी.

नात उठली आणि दप्तरातून निळी पेन्सिल घेऊन आली.

"बाळ, फरशी खराब होते," मी म्हणालो.

"पुसता येते, आबा."

"आजी ओरडेल."

"ओरडत नाही," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. "काढ रेघ."

ती रांगत निघाली. मी मागून. निळी रेघ ओट्याच्या पायापासून फरशीच्या सांध्यात उतरली, उंबऱ्याशी चौकटीला लागून वर चढली, दोन बोटांवर पुन्हा खाली आली, भिंतीच्या कडेनं सरळ गेली, खुर्चीच्या पायाला वळसा घालून कपाटाशी थांबली. आणि कपाटाच्या बाजूनं वर. तिसऱ्या फळीपर्यंत. नात पायांच्या चवड्यावर उभी राहिली. मग तिनं एका खंडाला दोन्ही हात घातले. विश्वकोशाचा खंड जड असतो. मी मदत केली नाही.

डब्याचं झाकण घट्ट बसलेलं होतं. तरी कडेनं काळी झालर हलत होती.

ही पदराला हात पुसत आली. डबा बघितला, मला बघितलं, नातीला म्हणाली, "शाब्बास." बस्स. हिचे शब्द एवढेच असले की समजावं, प्रकरण मोठं आहे.

चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना माणसाच्या अंगाला आणि लघवीला मुंग्या लागतात असं म्हटलंय. रक्त तपासायची सोय नव्हती तेव्हा वैद्य मुंग्यांकडून निदान करून घ्यायचे. आजवर मी हे वर्गात किती कौतुकानं सांगितलं होतं! मुंगी ही जगातली पहिली प्रयोगशाळा, वगैरे. त्या प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या घरी येईल आणि तो माझीच नात वाचून दाखवेल, असं वाटलं नव्हतं. तुकोबांनी देवाकडं लहानपण मागताना मुंगीचा दाखला दिला, मुक्ताबाईंची मुंगी तर आकाशात झेप घेऊन सूर्य गिळते. माझ्या वाट्याला आल्या त्या मुंग्या पोलीस खात्यातल्या.

"संक्रांतीपासून ठाऊक आहे मला," रात्री ही म्हणाली.

"काय?"

"रव्यावर सुरीनं खूण करून ठेवलेली मी. तिळगूळ केला तेव्हा. खूण महिन्याभरात गेली. मुंग्या काय एवढा गूळ खातात?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधी सांगताय बघू. पाच महिने झाले." थोड्या वेळानं म्हणाली, "मुंग्यांनी तोंड उघडलं, तुम्ही न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या घालवण्याचं काम हिनं हातात घेतलं. ते संपायला पाऊण तास लागला, आणि त्यात कुठलंही विष नव्हतं. निळी रेघ तशीच होती, तिचा उपयोग झाला. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून, त्यात दोन झाकणं व्हिनेगर घालून, हिनं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढली. रेघेबरोबर वासही गेला. वाटेत सापडल्या त्या मुंग्या नातीनं कागदावर उचलून आधी बाहेर नेल्या होत्या. खिडकीच्या चौकटीशी भिंतीला चीर होती, चिमटीत मावेल एवढी, ती पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. ते मात्र माझ्याकडून करून घेतलं. गुळाचा रवा फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, आणि तो डबा परातीत पाणी घालून मधोमध ठेवला. माझ्या आजीच्या घरी दुधाच्या फडताळाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तसा. आक्कांच्या सांगण्यावरून तुळशीपाशी चिमूटभर साखर आणि पीठ. नाहीतरी आमच्याकडची रांगोळी दगडाची, पिठाची नव्हे, तिचा मुंगीला काय उपयोग? आणि त्या रात्रीपासून आमच्याकडं जेवण आठला. बातम्यांच्या आधी भांडी घासलेली. बेसिनपाशी मी, पुसायला नात.

माझा चपटा डबा घासून पुसून मांडणीवर ठेवलाय. त्यात आता मोहरी आहे.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दुपारी चार वाजता ही आक्कांकडं गेली असावी अशा समजुतीनं मी सवयीनं कपाटाशी गेलो. उगाच. 'म'चा खंड पुढं ओढला. मागं स्वच्छ फळी, साबणाचा वास. आणि एक मुंगी. एकटीच. कुठून आली कोण जाणे. डबा होता त्या जागेभोवती तिनं गोल चक्कर मारली, मधोमध थांबली, मिशा हलवल्या, पुन्हा एक चक्कर मारली. मी वाकून बघत होतो.

"सापडलं का काही?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कुणाला?" मी विचारलं.